चमचाभर

पहिलाच घोट घेतला आणि धाकटीचा खालचा ओठ उजव्या कोपऱ्यात चुरचुरला. जिभेला अजून काही कळलं नव्हतं. जिभेवर पेअर होतं, खजुराचा गोडवा होता, मागून बदामाचा हलका, ओल्या लाकडासारखा वास येत होता. पण ओठाला कळलं. मग टाळूला खाज सुटली, मग कानाच्या आत, जिथे बोट पोचत नाही तिथे. तिने तोंडातलं सगळं सिंकमध्ये थुंकलं, चुळा भरल्या, पर्समधली अ‍ॅलर्जीची गोळी काढून पाण्याबरोबर गिळली आणि फळांचा रिकामा क्रेट उपडा करून त्यावर बसून राहिली. दुपारचे अडीच वाजले होते. समोरच्या इमारतीतला चष्मेवाला शेकची ऑर्डर देऊन, फोन आला म्हणून "आलोच" म्हणत गेला होता तो गेलाच. टाकवेना म्हणून तिने तो ग्लास तोंडाला लावला. एरवी ती शेक पीत नसे. दिवसभर फळांच्या वासात उभं राहिल्यावर संध्याकाळी नुसती भाकरी चावावीशी वाटते. तर आज ओठाला लावला, आणि ओठाने सांगितलं की यात दूध आहे. गाईचं, म्हशीचं, कसलंही असो, पण जनावराचं दूध. तीन वर्षं ती आणि तिची ताई ज्या दुकानात उभ्या होत्या, ज्याच्या दारातल्या फळ्यावर धाकटीच्याच अक्षरात 'दुधाचा थेंबही नाही' असं लिहिलं होतं, त्या दुकानात.

ती बसल्या बसल्या एकेक गोष्ट बाद करत गेली. पेअर कालही खाल्लं होतं. खजूर रोजचेच. बदामाचं दूध सकाळी तिनेच काढलं होतं: रात्रभर भिजवलेले बदाम सोलले, पाणी घालून दोनदा वाटले, मलमलच्या फडक्यातून पिळले, चिमूटभर मीठ घातलं, आणि नेहमीप्रमाणे चमचाभर चाखून मगच बाटल्या भरल्या. तेव्हा ओठ शांत होता. म्हणजे जे झालं ते बाटल्या भरल्यानंतर, फ्रीजमध्ये. तिने उठून फ्रीज उघडला. बाटल्या ओळीने उभ्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, एकजीव. आणि एकदम तिच्या डोक्यात तिडीक गेली. घरी काढलेलं बदामाचं दूध एकजीव राहत नाही. दोन तासांत खाली साका बसतो, वर पाणी दिसतं, बाटली हलवावी लागते. "फाटलं की काय हो?" असं विचारणाऱ्यांना समजावून समजावून तिच्या तोंडाला फेस यायचा. आणि गेले तीन आठवडे कुणी विचारलं नव्हतं. गेले तीन आठवडे ती खूश होती. तिला वाटलं होतं, आपण बदाम आणखी चार तास भिजवायला लागलो त्याचा हा गुण. तिने ताईला म्हणूनही दाखवलं होतं, "बघ, जमलं की नाही?" आणि ताई म्हणाली होती, "तुझा हातच तसा आहे गं." ती शोधायला लागली. फार शोधावं लागलं नाही. खजुराच्या डब्यामागे दुधाच्या पावडरीची पिशवी होती, तोंड नीट दुमडून रबरबँड लावलेली, आत मोजायचा चमचा. तो नीटनेटकेपणा बघून तिला जास्त संताप आला. चोराने निदान घाईत चोरी करावी. ताईने ती इस्त्री केल्यासारखी केली होती.

लहानपणीही असंच, नीटनेटकं चालायचं. आई दुधाचा पेला घेऊन उभी, आणि ताई, तीन वर्षांनी मोठी, धाकटीचे दोन्ही हात मागून धरून उभी. जोरात नाही धरायची. आईने सांगितलंय म्हणून, अभ्यास केल्यासारखी धरायची. "दुखतंय," धाकटी म्हणायची. "काय दुखतंय?" "ओठ. घसा. आतून." "दुधाने कुणाचा घसा दुखतो का? नाटकी कुठली." तेच नाव पडलं. घरात, शेजारी, मामाकडे, सगळीकडे नाटकी. ए नाटकी, इकडे ये. पोळीच्या कणकेत दूध, भाजीत सायीचा चमचा, आणि जेवून झाल्यावर आई ताईकडे बघून डोळे मिचकावणार, की बघ, आता काही झालं का? झालेलं असायचं. पण मांडीवर उठलेल्या गांधी दाखवल्या तर "ढेकूण चावले असतील," आणि नाही दाखवल्या तर "बघ, म्हटलं नव्हतं?" धाकटीला तेव्हापासून एक कळलं होतं, की सगळी भाषाच दुधाच्या बाजूची आहे. चांगल्यात चांगलं झालं की दुधात साखर, सुबत्ता म्हणजे घरात दूधदुभतं, आणि आईच्या दुधाची तर शपथच. दूध कधी चुकत नाही, चुकते ती पिणारी. नऊ वर्षांची असताना मामाकडे तिचा घसा सुजला, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मामाने तिला उचलून डॉक्टरकडे पळवलं. इंजेक्शन बसलं. डॉक्टर आईला म्हणाले, "पुन्हा दूध दिलंत तर पोरगी हातची जाईल." घरी आल्यावर आईने दूध बंद केलं, ते खरं. पण शेजारणीला सांगताना ती म्हणाली, "चिंचा खाल्ल्या होत्या हो भरपूर." धाकटी दाराआड उभी होती. तिला वाटलं होतं, आता आई मला जवळ घेईल आणि म्हणेल, तू खरं बोलत होतीस. आई पुढे तीस वर्षं जगली. म्हणाली नाही. शेवटच्या आजारपणात धाकटी तिला चमच्याने औषध पाजत होती, तेव्हाही तिचे कान तिकडेच लागलेले, आणि आई म्हणाली काय, तर "खिडकी लाव."

आणि मग पुन्हा क्रेटवर येऊन बसल्यावर तिला मास्तरीणबाईंची मुलगी आठवली, आणि राग होता तिथून हलला. आधी डोक्यात होता, आता पोटात उतरला. मागच्या गल्लीत राहणाऱ्या मास्तरीणबाई, शाळेतून आल्यावर रोज चार वाजता मुलीला घेऊन यायच्या. पाच वर्षांची पिटुकली. डॉक्टरांनी तिचं दूध बंद केलेलं, म्हणून वर्गातल्या वाढदिवसाला हिला काही नाही, आइस्क्रीम नाही, बिस्किटंही पाकीट वाचून. "तुमचं दुकान आहे म्हणून हिला एक तरी लाड आहे," असं त्या म्हणाल्या होत्या. तिचा शेक म्हणजे फ्रीजरमधलं केळं, स्ट्रॉबेरी, काजूची दोन चमचे पेस्ट आणि बदामाचं दूध. मिक्सर थांबला की चमचा उभा राहावा इतका दाट. काउंटरवर हनुवटी टेकवून ती बघत बसायची. दोन आठवड्यांपूर्वी मास्तरीणबाईंनी तिच्या कोपरावरचं लाल चट्ट्यांचं जाळं दाखवलं. नवा साबण बंद केला, चादरी बदलल्या, काही उपयोग नाही. धाकटी म्हणाली, स्ट्रॉबेरी थांबवून बघा. थांबवली. मग गेल्या आठवड्यात पिटुकलीने ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाली, "नको. शेक चावतो." आणि धाकटी हसली होती. आता ते हसू तिला स्वतःच्याच तोंडावर चिकटल्यासारखं वाटलं. ती म्हणाली होती, "अगं, शेकला दात असतात का?" आणि मास्तरीणबाईंकडे वळून, बाजूला, मोठ्या माणसांच्या त्या खालच्या आवाजात, "फार लक्ष देऊ नका. या वयात मुली जरा नाटकं करतात." नाटकं. हाच शब्द. दुसरा मिळाला नाही तिला. पस्तीस वर्षं जो शब्द तिने अंगावरून खरवडून काढला होता, तो तिच्याच तोंडात इतका तयार, इतका गुळगुळीत पडून होता की उचलावाही लागला नाही. पिटुकलीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळा ग्लास संपवला.

ताई तीन वाजता आली, दोन्ही हातांत फळांच्या पिशव्या, कपाळावर घाम, येतानाच बोलत. "केळी बघ कशी मिळाली, डागाळलेली, शेकला अशीच लागतात, आणि तो मेला पेअरवाला..." धाकटीने काउंटरवर काढून ठेवलेली पावडर तिला दिसली. तिने पिशव्या खाली ठेवल्या. एक केळं बाहेर घरंगळलं, ते तिने उचलून परत आत घातलं.

"चमचाभर घालते गं फक्त," ती म्हणाली. "लिटरला चमचाभर."

"कधीपासून?"

"समोरचं नवीन उघडलं तेव्हापासून. त्यांचे शेक बघितलेस? स्ट्रॉ उभी राहते. आपल्याकडे लोक तोंडावर म्हणायला लागले होते, पाणचट. तू मागे असतेस, तुला ऐकू येत नाही. ऐकून घेते ती मी."

"काजू वाढवता आले असते. मला सांगायचं होतंस."

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? तुझं आपलं सोवळं. दुधाचं नाव काढलं की अंगावर धावून येतेस."

"ताई, बाहेर फळ्यावर काय लिहिलंय?"

"फळ्यावर लिहितात गं. सगळेच लिहितात." ताईचा आवाज समजुतीचा झाला, आणि धाकटीला तिच्या आवाजातला हाच सूर सर्वांत असह्य व्हायचा. "हे बघ, शंभरातल्या नव्वद जणांना काही होत नसतं. फॅशन असते. आज हे सोडलं, उद्या ते सोडलं. तीन आठवडे झाले, आलं का कुणी तक्रार घेऊन?"

"मी प्यायले आज. गोळी घेऊन बसलेय."

ताईने तिच्याकडे पाहिलं. ओठाकडे, गळ्याकडे, हातांकडे. धाकटीला ती नजर ओळखीची होती. चुलीपाशी, पाटावर, मामाच्या ओसरीवर तिने ती शेकडो वेळा अंगावर घेतली होती. तपासणारी नजर.

"बरी तर दिसतेस," ताई म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट धाकटी एकदम गार पडली. "तुझा विश्वास नाही," ती म्हणाली. "तू माझे हात धरायचीस. मामाकडे माझा श्वास बंद होताना तू शेजारी उभी होतीस. डॉक्टर बोलले ते तू ऐकलंस. आणि अजून तुझा विश्वास नाही."

"मी बारा वर्षांची होते!" ताई एकदम किंचाळली. रस्त्यावरचा एक माणूस थांबून आत बघायला लागला. "आई सांगायची ते करायचे मी! काय करायला हवं होतं मी? आणि आई म्हणायची, चिंचा..." ती थांबली. स्वतःच्याच शब्दाला ठेच लागल्यासारखी थांबली. मग हळू म्हणाली, "तसं मानलं की सोपं जायचं. नाहीतर तुझे हात धरून मी काय करत होते?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. इतर कुठल्याही दिवशी धाकटी इथे मऊ पडली असती. ताईने तिला तिच्या वाईट दिवसांत घरी ठेवून घेतलं होतं, नोकरी सुटल्यावर या दुकानाची कल्पना उचलून धरली होती, स्वतःच्या बांगड्या मोडल्या होत्या. हे सगळं तिला आठवलं, आणि प्रत्येक आठवणीसरशी राग कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला. इतकं प्रेम करता येतं, आणि तरी विश्वास ठेवता येत नाही? तिने फ्रीज उघडला आणि एकेक बाटली काढून सिंकमध्ये ओतायला लागली. सोललेला एकेक बदाम तिच्या बोटांना आठवत होता. "अगं, थांब, अख्ख्या दिवसाचं आहे!" ताई म्हणाली, पण मधे आली नाही. बाटल्या संपल्यावर धाकटीने मिक्सरची भांडी, फडकी, गाळण्या, सगळं गरम पाण्यात टाकलं, हात पुसले, खडू घेतला आणि दारात गेली. 'दुधाचा थेंबही नाही' हे तिने पदराने पुसलं. वर लिहिलं: 'गेले तीन आठवडे आमच्या शेकमध्ये दुधाची पावडर होती. ज्यांना दूध चालत नाही त्यांना त्रास झाला असेल तर तो आमच्यामुळे. दुकान बंद आहे.' आमच्यामुळे हा शब्द लिहिताना खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने तिने तो पुरा केला.

"आपण संपलो," ताई मागून म्हणाली. "हे वाचून कोण येणार आहे परत?"

"मी पिटुकलीकडे चाललेय."

"कशाला? वेडी आहेस? तिला काय झालंय?" आणि धाकटीने काय झालंय ते सांगितलं, कोपरावरचे चट्टे, चादरी, साबण, चावणारा शेक. ताईचा चेहरा उतरला, पण तोंडातून जे आलं ते सवयीचंच आलं. "तो आपल्यामुळेच कशावरून?"

धाकटी चालायला लागली. मागच्या गल्लीत दोन्ही बाजूंना वाळत घातलेले कपडे होते, कुणीतरी भिंत खरवडत होतं, आणि तो आवाज तिला कवटीच्या आतून येतोय असं वाटत होतं. काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य ताईपासून सुरू होत होतं. माझ्या बहिणीने. मला न सांगता. मला माहीत नव्हतं. वाक्यं खरी होती. मास्तरीणबाईंच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिने ती तीनही टाकून दिली, कारण 'मला माहीत नव्हतं' हे तिने आईच्या तोंडून इतक्यांदा मनातल्या मनात वदवून घेतलं होतं की ते ऐकायला कसं लागतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर तिने बेल दाबली.

मास्तरीणबाईंनी दार उघडलं. खांद्यावर शाळेची बॅग तशीच होती. "अगंबाई, तुम्ही? आम्ही आता निघतच होतो तुमच्याकडे."

"शेकमध्ये दूध होतं," धाकटी म्हणाली. "तीन आठवडे. पावडर. आमच्या दुकानातून तुमच्या मुलीला रोज दूध गेलं."

मास्तरीणबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी बॅग हळूच खाली ठेवली. "मी तिच्या हातांना मोजे बांधते झोपताना," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "खाजवते म्हणून. रडते, काढ म्हणते. परवा मारलं मी तिला. शेक नको म्हणत होती म्हणून, की एवढा एक पदार्थ तुला चालतो आणि त्यालाही नाटकं करतेस." शेवटच्या शब्दांवर त्या दोघींची नजरानजर झाली, आणि मास्तरीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्ही म्हणालात तसं. तुम्ही मला सांगितलंत. मी तिचं सोडून तुमचं ऐकलं!"

"हो."

"बाहेर व्हा," त्या म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "नाही. थांबा. मला काय सांगताय? तिला सांगा." आणि आत वळून त्यांनी मुलीला हाक मारली.

पिटुकली आली. एका पायात चप्पल, दुसरी हातात. बाहीच्या आत चट्टे मनगटापर्यंत उतरले होते. धाकटी खाली बसली, गुडघे कटकन वाजले. "तू म्हणालीस ना, शेक चावतो? तो खरंच चावत होता. त्यात दूध होतं. तू खरं बोलत होतीस. आम्ही चुकलो." हे वाक्य ऐकायची तिने आयुष्यभर वाट पाहिली होती, बोलायची वेळ येईल असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

मुलीने आईकडे पाहिलं. मग धाकटीकडे. तिच्या भुवया हळूहळू जवळ आल्या. "मग तुम्ही हसलात का?" ती म्हणाली.

उत्तरं पुष्कळ होती. धाकटीने त्यातलं एकही घेतलं नाही. "कारण हसणं सोपं होतं," ती म्हणाली. "तुझं ऐकलं असतं तर मला शोधावं लागलं असतं."

मुलीने हातातली चप्पल तिच्या दिशेने फेकली. नेम चुकला, चप्पल जिन्याच्या कठड्याला लागून पडली. मास्तरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चप्पल उचलून आणली नाही, मुलीला आत घेतलं आणि दार लावलं. धाकटीने चप्पल उचलून उंबऱ्याशी सरळ ठेवली. तिला रडू येत नव्हतं. उलट छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटत होतं, त्या मुलीच्या रागामुळे. फेकली. तिने फेकली. ती स्वतः नऊ वर्षांची असताना दाराआड उभी राहिली होती आणि ऐकत राहिली होती.

ती खाली आली तेव्हा इमारतीच्या दारात ताई उभी होती, धापा टाकत, खांद्यावर एप्रन तसाच. गप्प करायला आली होती की सोबत करायला, ते बहुधा तिचं तिलाही माहीत नव्हतं. "काय म्हणाल्या बाई? पोलिसात जाणार का?" तिने विचारलं.

"दुसरा मजला," धाकटी म्हणाली. "डावीकडचं दार."

"मी? आता तू जाऊन आलीस ना?"

"मी माझं सांगून आले. तुझं सांगितलं नाही."

"काय सांगू मी?" ताई म्हणाली. "काय सांगायचं असतं अशा वेळी?" तिने खरंच विचारलं होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईच्या तोंडावर तो प्रश्न इतका उघडा होता की धाकटीने नजर दुसरीकडे वळवली. पण ती बाजूला झाली नाही. रस्त्याच्या बाजूने दार अडवून, हाताची घडी घालून उभी राहिली. "चमचाभर म्हणू नकोस," ती म्हणाली. "एवढंच."

ताईने तिच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. एप्रन काढून तिने त्याची घडी घातली, ती काखेत धरली, आणि कठड्याला हात लावून चढायला लागली. मधल्या वळणावर तिची पावलं थांबली. धाकटी मान वर न करता उभी राहिली. मग वर बेल वाजली.